अकराव्याचा डावा उतार

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं, यांचे श्वास सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. म्हणून ही वही. सकाळी मिनिटाला बावीस, संध्याकाळी चोवीस. एवढं लिहून मिटणार होते, पण पान बरंच उरलं आणि आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

गोल्फ क्लबच्या फलकावर सूचना लागली आहे. अकरावा होल बंद करायचा. त्या जागी एकशे तीस यार्डांचा छोटा होल, त्याच्यासमोर तळं, तळ्यात कारंजं. कारण, 'सदस्यांच्या वारंवार तक्रारी'. अठ्ठावीस तारखेला समितीचं मतदान. कोणाला काही म्हणायचं असल्यास चोवीसपर्यंत लेखी द्यावं.

या मैदानाचं गवत एकोणतीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. ही सूचना मला फलकावर वाचावी लागली, तीही इतरांच्या खांद्यांवरून.

अठरापैकी सतरा होल बाहेरून आलेल्या आराखडेकाराने काढले. अकराव्याच्या जागी खडक लागला तेव्हा त्याने हात वर केले. मग जमीन मोजायला आलेल्या सर्वेक्षकाने, म्हणजे यांनी, तीन आठवडे तिथे दुर्बीण लावून तो होल काढला. जन्मभर यांनी लोकांच्या हद्दी आखल्या. स्वतःचं म्हणावं असं जमिनीवर हे एवढंच.

यांना सांगितलेलं नाही. होल वाचला की सांगेन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

श्वास २२, २४.

बुधवारी कोठारातली खतं मोजायची असतात, त्यामुळे सहाशिवाय घरी येणं होत नाही. आले तर यांचे केस कापलेले. मानेवरची रेघ अगदी सरळ, कानावरचेही केस काढलेले. न्हावी येऊन गेला असावा. शेजारच्यांनी पाठवला असेल. माणूस हुशार आहे, पण केस झाडायला न्हाणीतला चांगला टॉवेल वापरतो हे त्याला सांगायला हवं.

सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "अहो, लांब पल्ल्याचा पार तीन होल मोठा कशाने होतो?"

 हे खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याला दोन दारं हवीत."

"दारं?"

"एक पुढचं. ताकदवाल्यांसाठी. आणि एक बाजूचं." मध्ये श्वास घेतला. "बाजूचं नसेल तर ती भिंत झाली. भिंत बांधायला कोणीही बांधतो."

मी मोजमाप मागितलं, यांनी दारं दिली. समितीला द्यायच्या टिपणात असलं काही चालणार नाही. नऊ जणांच्या समितीत एक दातांचे डॉक्टर, दोन ठेकेदार आणि एक विमावाले आहेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी सहा ते अकरा अकराव्यावर खुर्ची टाकून बसले आणि मोजलं. टिपणाला आकडे लागतात.

दोनशे अठ्ठावीस यार्ड. पार तीन म्हणजे तीन फटक्यांत चेंडू भोकात गेला पाहिजे. एका फटक्यात ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आणि पुढचे दोन हलक्या हाताने. ग्रीन उंचावर आहे, उजव्या कुशीत वाळूचा खोल खड्डा. डावीकडे पंचेचाळीस यार्ड आधीपासून एक उतार सुरू होतो आणि हळूहळू ग्रीनकडे कलत जातो. त्याच्या कडेला आणखी एक वाळूचा खड्डा. तो टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, ग्रीनला चिकटलेला दिसतो, प्रत्यक्षात तीस यार्ड अलीकडे आहे. खेळणारा फसतो. यांची ही एक खोडी मला आवडते.

एकतीस जण खेळले. एका फटक्यात ग्रीनवर पोचले दोन. सात जण दहाव्यावरून थेट बाराव्याकडे निघून गेले, माझ्याकडे न बघता.

डावा उतार मात्र पाहत राहावा असा. पूर्ण मैदानात इतकं दाट, इतकं मऊ गवत दुसरीकडे नाही. फेब्रुवारीत असं गवत राखून दाखवा म्हणावं कोणीही.

जज्जबाई आल्या. निवृत्त न्यायाधीश, वय चौऱ्याहत्तर, चेंडू लांब जात नाही पण रेषेत जातो. दुसरा फटका त्यांनी नेमका उतारावर टाकला. चेंडू पडला आणि जागीच थांबला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "उशीवर डोकं ठेवल्यासारखा झोपला."

"फटका थोडा लांब मारा."

"गवतबाई, मी लांब मारू शकले असते तर तुमच्याशी बोलत थांबले असते का?"

माझ्यामागे मला सगळे गवतबाई म्हणतात. तोंडावर म्हणणाऱ्या या एकट्याच. त्यांना सहा फटके लागले. जाताना म्हणाल्या, "निकाल लागलेला दिसतोय, सुनावणी नुसती शिल्लक आहे."

सोमवार, १० फेब्रुवारी

श्वास २३, २४.

माळ्यावरून यांची पत्र्याची नळी काढली. त्यात अकराव्याचा मूळ नकाशा निघाला. कागद पिवळा पडलाय, पण रेघा अजून धारदार. पाण्याच्या नळांच्या निळ्या रेघा मैदानभर आहेत. फक्त अकराव्याच्या डाव्या उतारापाशी येऊन त्या थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. उतार कोरा.

हे मला आठवत होतंच. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं होतं की उतारावर पाणीच नाही, उन्हाळ्यात तो पार करपतो. यांच्यासारख्या नेटक्या माणसाच्या हातून एवढीच एक गोष्ट सुटली. मी काही बोलले नाही. नवऱ्याची चूक चारचौघांत काढायची नसते. चार फवारे मागवले, उभं राहून बसवून घेतले आणि महिन्याभरात उतार हिरवागार झाला. यांना दाखवायला नेलं तेव्हा हे बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "छान झालंय." माझ्या कामाला हे सहसा छान म्हणत नाहीत, म्हणून लक्षात आहे.

जुनी नोंदवहीही चाळली. पहिली तीन वर्षं लोक या होलसाठी लांबून येत. नंतर ओघ आटला. खेळणाऱ्यांचा दर्जा घसरला, दुसरं काय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांची गाठ घेतली. ते समितीचे अध्यक्ष. दवाखान्यातच बोलावलं, एक पेशंट तोंड उघडं टाकून पडला होता.

"बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण तो होल म्हणजे भूल न देता दाढ काढण्यासारखा आहे."

"तुमच्याकडचे लोक तरी परत येतात ना?"

"दुखतं म्हणून येतात. गोल्फला कोणी दुखतं म्हणून येत नाही."

पेशंट हसला आणि त्याला ठसका लागला.

घरी येऊन टिपणाचा कच्चा मसुदा केला. मुख्य मुद्दा असा मांडला: मोठा होल कोणाची गय करत नाही. तो सगळ्यांकडून एकच गोष्ट मागतो आणि ती कमी करत नाही. ज्याला जमेल त्याने यावं. मला हे वाक्य बरं वाटलं. माझं सगळं आयुष्य मी याच मापाने काढलं आहे.

खारूलाही याच मापाने वागवलं. खारू म्हणजे आमची मुलगी, लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून खारू. चार वर्षांपूर्वी औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षात परीक्षा सोडून केस कापायच्या दुकानात कामाला लागली. मी आरडाओरडा केला नाही. एकच वाक्य बोलले: "पदवी घेऊन ये, मग हे दार तुला उघडं आहे." ती आली नाही. वाक्य बदलायचं मला कारण दिसत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

श्वास २३, २५.

यांची नखं कापलेली. मोरीत दोन कप, एकाच्या काठाला ओठांची लाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वार बदलला असेल, त्या एरवी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आजाऱ्याचे हातपाय हलवायला येताना लाली कशाला लागते कळत नाही. हे मात्र खुशीत होते. अर्धी पोळी जास्त खाल्ली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता पंपकाका दारात. हे आमचे पंप बघतात, माझ्याआधीपासून नोकरीत.

"बाई, तीन नंबरची मोटार गेली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे वास येतोय."

तीन नंबरवर अकराव्याचा उतार आहे. ग्रीनचा पंप वेगळा, तो चालू आहे, पण उतार सगळा तीन नंबरवर. मोटार रिवाइंडिंगला दिली. दोन आठवडे म्हणतात. मतदानाला राहिलेत पंधरा दिवस. समिती होल बघायला येणार तेव्हा तिथे वाळकं गवत दिसणार. टँकर मागितला. क्लबचे सचिव म्हणाले, बंद होणाऱ्या होलला टँकर कशाला.

काकांनी विचारलं, "बाई, पूर्वी तिथं पाणी कुठं होतं? चाललंच की."

मी म्हटलं, "चाललं नाही काका, करपलं."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

श्वास २६, २८. रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं आहे. त्याचा आवाज जुन्या पंपासारखा येतो.

उतार पिवळा पडला. हाताने बादल्या घालून बघितल्या, चाळीस बादल्यांत टेबलाएवढी जागा भिजली. नाद सोडला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज यांची दाढीसुद्धा केलेली. इतकी गुळगुळीत की मी हात फिरवून पाहिला. "कोण येतं हो?" विचारलं.

हे म्हणाले, "येतं एक जण."

"पैसे किती घेतो?"

हे हसले. हसताना दम लागला, मग मला यंत्र लावावं लागलं. पुन्हा विचारलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे सविस्तर लिहिते, कारण टिपणात याचा उपयोग होणार नाही आणि कुठेतरी लिहिलं पाहिजे.

सकाळी पुन्हा अकराव्यावर बसले. उतार तपकिरी. बुटाने टकटक केलं तर फरशीसारखा वाजतो. लाज वाटत होती. पहिले आले ते विमावाले. चेंडू नेहमीसारखा अपुरा पडला, डावीकडे, उतारावर. मी मान फिरवली. टीवर कोणीतरी ओरडलं म्हणून परत पाहिलं. चेंडू चालत होता. उडी मारून पडला होता आणि आता उताराच्या कलाने, घाई न करता, उजवीकडे वळत वळत निघाला होता. फसव्या खड्ड्याच्या पलीकडून गेला, ग्रीनवर चढला आणि भोकापासून सहा पावलांवर थांबला.

विमावाले म्हणाले, "नशीब!"

मीही तेच म्हटलं. मग दुसरा गेला. मग चौथा. सव्वीस जण खेळले, नऊ एका फटक्यात ग्रीनवर. ताकद त्यांच्यात पंधरा दिवसांत आलेली नाही.

जज्जबाईंचा पहिला फटका नेहमीसारखा आखूड. दुसरा त्यांनी उताराच्या माथ्यावर ठेवला, बशी टेबलावर ठेवावी तसा. चेंडू निघाला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. बराच वेळ लागला त्याला.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "इथे दार होतं?"

दोन दारं हवीत, असं हे म्हणाले होते. नकाशात उतार कोरा होता. तो राहून गेला नव्हता, ठेवला होता. एक बाजू कोरडी, टणक, उघडी ठेवली होती, ज्यांना सरळ पोचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि मी ती पाणी घालघालून बंद केली. तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे सव्वीस वर्षं.

सव्वीस वर्षं मी त्या उतारावर सगळ्यात जास्त मेहनत केली.

रविवार, २३ फेब्रुवारी

श्वास २७, २८.

यांच्या उशाशी बसले. होल बंद होणार आहे ते सांगितलं. यांना माहीत होतं. कोणी सांगितलं ते बोलले नाहीत. मग मी फवाऱ्यांचं बोलले.

"मी ते बसवले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

 यंत्र चालू होतं.

"तू किती खूश होतीस," हे म्हणाले. "मला दाखवायला... हाताला धरून नेलंस."

"म्हणून?"

"सांगितलं असतं तर बंद केले असतेस. लगेच. आणि मग त्या वाटेने जाताना दर वेळी..." थांबले. "तुला मान खाली घालता येत नाही गं. पहिल्यापासून. मोडतेस."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही होल मारलात."

"मारला नाही. झोपू दिला."

मी उठून पाणी आणायला गेले. यांना नको होतं, पण मी आणलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टिपण फाडलं. नवीन लिहिलं, अर्ध्या पानाचं. होल सदोष नाही. त्याची निगा चुकीची झाली, ती मी केली. डाव्या उताराला पाणी न देता एक वर्ष खेळून बघावं. खाली सही. सचिवांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे असंच ठेवायचं?"

"असंच."

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुपारी साडेतीन वाजता कोठारातलं काम संपलं. पंप बंद, खत टाकायचं नाही, मोजायला काही उरलं नव्हतं. घरी गेले.

मागच्या पायरीवर पिवळ्या चपला होत्या. दार लोटलेलं. आतून कात्रीचा आवाज येत होता. मधेच हे हसले. गेल्या कित्येक महिन्यांत यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. "बाबा, हलू नका, कान जाईल," असं कोणीतरी म्हणालं. "गेला तर गेला," हे म्हणाले, "दुसरा आहे."

मी बागेतून परत गेले. पंपाच्या खोलीत काकांच्या स्टुलावर बसले. काकांनी चहा दिला. सहाला घरी.

यांचे केस कापलेले होते. चांगले कापते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

श्वास २८, ३०. डॉक्टर येऊन गेले. दारापाशी थांबून म्हणाले, आता महिन्यांत नका मोजू. मी म्हटलं, मी मिनिटांत मोजतेच आहे.

मोटार परत आली. बसवली. अकराव्याच्या चार फवाऱ्यांची चावी मी स्वतः बंद केली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सभा. टिपण वाचून दाखवलं गेलं.  जज्जबाई समितीत नाहीत, पण सदस्य म्हणून त्यांनी बोलायची परवानगी मागितली. म्हणाल्या, "शनिवारी मी अकराव्यावर तीनमध्ये गेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. असा होल बुजवणार असाल तर आधी मला बुजवा."

सगळे हसले. हसले म्हणजे संपलंच.

विमावाले म्हणाले, गंमत आली हे खरं, पण दिसतं किती वाईट. पाहुणे काय म्हणतील. ठेकेदारांपैकी एक म्हणाले, तळ्याच्या तळाला अंथरायचं काळं कापड डिसेंबरातच मागवलंय, ते येऊन गोदामात पडलंय.

डिसेंबरात. सूचना लागली फेब्रुवारीत.

सात विरुद्ध दोन. दातांचे डॉक्टर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "बाई, इतकं स्पष्ट कबूल करणारं माणूस मी पाहिलं नाही. मनापासून सांगतो." मग म्हणाले की इतिवृत्तात माझी कबुली नोंदवावी लागेल, आणि हंगाम संपल्यावर नव्या माणसाला संधी द्यावी असं समितीचं मत आहे. तळ्याजवळच्या गवताला वेगळा अनुभव लागतो.

"भूल देऊन काढलीत," मी म्हटलं.

त्यांना कळलं. कान लाल झाले.

रविवार, २ मार्च

शेवटचा खेळ. गर्दी. जे दहाव्यावरून पळत होते तेही आज रांगेत उभे. अठ्ठेचाळीस जण, सोळा ग्रीनवर. पोचले नाहीत तेसुद्धा चेंडूमागे चालत जात होते, थांबतो की वळतो बघत. लहान मुलांसारखे. एकाने विचारलं, "हे आधी असं का नव्हतं?"  

जज्जबाईंनी त्यांचा चेंडू माझ्या हातात दिला. "घरी द्या. सांगा, अपील फेटाळलं गेलं, पण निकाल चुकीचा होता."

यांच्या तळव्यावर चेंडू ठेवला. किती चालला, विचारलं. मी एकेचाळीस पावलं म्हटलं. यांनी डोळे मिटले आणि बोटांनी काहीतरी मोजलं.

"त्रेचाळीस हवी होती," म्हणाले. "वारा असेल."

सोमवार, ३ मार्च

सकाळी आठला माती उकरायचं यंत्र आलं. पहिला घास डाव्या उताराचा घेतला. कोरडा असल्याने ढेकळं मोठी निघाली. चालक खूश होता, म्हणाला, ओली जमीन असती तर दोन दिवस गेले असते.

बुधवार, ५ मार्च

श्वास ३०, ३२.

दोन वाजता नेहमीसारखी निघाले. मोजायला खत नाही, तरी निघाले. जाण्याआधी मागच्या दाराची कडी अडकते म्हणून तिला तेल घातलं. हे पलंगावरून बघत होते.

"किती वाजता येशील?"

"सात होतील."

"सहा नाही?"

"काम आहे."

पंपाच्या खोलीत बसून खिडकीतून त्या खड्ड्याकडे बघत होते. काळं कापड अंथरलंय. वाऱ्याने कोपरे उडतात, त्यावर दगड ठेवलेत.

मंगळवार, ११ मार्च

श्वास ३४. संध्याकाळचे मोजले नाहीत. मोजवले नाहीत.

हे रात्रीचं जेवण नको म्हणाले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "उद्या... चारला ये."

"का?"

"ये म्हणजे झालं."

"बघते," म्हटलं.

बुधवार, १२ मार्च

दोनला निघाले. तळ्यात पाणी सोडायला सुरुवात झाली आहे. तीन नंबरच्याच पंपाने.

काका म्हणाले, "बाई, आज घरी जा. मी आहे इथं."

"बघू."

साडेतीनला उठले. फाटकापर्यंत गेले. काय बोलायचं ते ठरवत होते. ठरवलेलं प्रत्येक वाक्य सरळ दाराशी जाऊन आपटत होतं. पदवी, परीक्षा, चार वर्षं. बाजूने जायचं असेल तर कुठून सुरुवात करतात, मला कधी कोणी दाखवलं नाही, किंवा दाखवलं तेव्हा मी पाणी घालत होते. परत आले. स्टुलावर बसले. चार वाजले. पाच वाजले. काकांनी दिवा लावला.

सातला घरी. हे झोपले होते. केस कापलेले, मानेवरची रेघ सरळ. चादर बदललेली. जज्जबाईंचा चेंडू उशाशी.

ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातले होते. त्यांच्या शेजारी तिसरा, सुलटा, बशीसकट. त्यावर झाकण, शेजारी चमचा. आत काहीच नव्हतं. कोणी वापरलेलाच नव्हता.

तो कप मी धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला.